सहावा स्क्रू: शॉवरची जुनी सरकती काचेची दारं काढण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तीन बाजूंनी भिंत आणि चौथ्या बाजूला उंबरा, अशी शॉवरची कोनाड्यासारखी जागा. उंबऱ्यावरचं तोंड १४८० मिमी रुंद. त्यावर अल्युमिनियमची चौकट आणि चौकटीत काचेचे दोन सरकते पल्ले. बसवून पंधरा वर्षं उलटलेली. चाकं कुरकुरायची, खालच्या चॅनलमध्ये काळी बुरशी धरायची, पण अडून कुणाचं राहिलं नव्हतं. मग घरातल्या आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना खुर्चीवर बसवून, कुणीतरी सोबत राहून आंघोळ घालायची वेळ आली.

तेव्हा हे दार अडायला लागलं. प्रत्येक पल्ला ७६० मिमी रुंद. एक पल्ला दुसऱ्यामागे पूर्ण सरकवला तरी वाट सातशे मिमीच्या आतच राहायची. खुर्ची आत जायची, आजीही जायच्या, पण त्यांना धरणारं माणूस त्यांच्यासोबत आत येऊ शकत नव्हतं. त्यात खालच्या चॅनलची ३५ मिमी उंच कड उंबऱ्यावर अजून एक पायरी करून ठेवायची. पाऊल नेमकं तिथेच अडखळायचं.

दुसरी एक गोष्ट घरच्यांनी सांगितली ती अशीच, जाता जाता. उजवीकडे, उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला भिंतीच्या तळाशी रंगाला फुगे यायचे. दोनदा खरवडून रंग दिला होता, दोन्ही वेळा फुगे परत आले. दारातून पाणी उडत असेल, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय डागडुजीचा: चाकं, खालचा मधला गाइड आणि रबरी पट्ट्या बदलायच्या. दार छान सरकलं असतं, पण वाट तेवढीच राहिली असती. हा लगेच बाद झाला.

दुसरा पर्याय फक्त पल्ले काढायचे, चौकट तशीच ठेवायची आणि पडदा लावायचा. हा बराच वेळ चर्चेत होता, कारण अर्ध्या तासाचं काम आणि भिंतीला हात लावायची गरज नाही. पण खालच्या चॅनलची कड तशीच राहिली असती, आणि पल्ल्याविना उघडी पडलेली ती अल्युमिनियमची धार अनवाणी पायाला जास्तच वाईट.

तिसरा पर्याय चौकटीसकट सगळं काढायचं, भोकं बुजवायची, पडद्याचा दांडा लावायचा. चौथा म्हणजे एक बाजू बंद करणारी एकच स्थिर काच. ती दिसायला नेटकी, पण मग वाट पुन्हा अरुंद.

तिसरा ठरला. अंदाज धरला होता एका दिवसाचा.

काच कुठली आहे

पल्ल्यांना हात लावण्याआधी हा प्रश्न सोडवावा लागतो, कारण पुढची सगळी सावधगिरी त्यावर ठरते. टफन्ड काच फुटली तर तिचे बोथट कडांचे छोटे दाणे होतात. साधी काच फुटली तर लांब, सुरीसारखे तुकडे पडतात. वीस किलोच्या पल्ल्याचा तसा तुकडा हातातून निसटला तर काय होतं, हे सांगायला नको.

आतल्या पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात टफन्डचा शिक्का होता. बाहेरच्या पल्ल्यावर कुठेच नव्हता. पल्ल्यांना बारीक अल्युमिनियमची किनार होती, त्यामुळे शिक्का किनारीखाली झाकला गेला असण्याची शक्यता होती. मधे कधीतरी पल्ला फुटून साधी काच घातली गेली असण्याचीही होती. तपासायची एक युक्ती आहे: पोलराइज्ड गॉगल घालून, खिडकीतून येणाऱ्या आकाशाच्या उजेडात काच तिरकी बघायची. टफन्ड काच गरम करून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात, त्यामुळे तिच्यात ताणाचे ठिपके किंवा पट्टे राहतात आणि ते अशा वेळी दिसतात. आतल्या पल्ल्यात ते फिकट ठिपके दिसले, बाहेरच्यात काही दिसलं नाही.

न दिसणं हा पुरावा नाही, उजेडाचा कोन चुकला तरी ठिपके दिसत नाहीत. म्हणून बाहेरचा पल्ला साध्या काचेचाच आहे असं धरून चालायचं ठरलं. त्याच्या दोन्ही बाजूंना ५० मिमी रुंदीची चिकटपट्टी आधी फुलीसारखी आणि मग आडवी-उभी जाळीसारखी लावली. चिकटपट्टीने काच फुटायची थांबत नाही, फुटली तर तुकडे जागेवर राहतात, एवढंच. वीस मिनिटांचं काम. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय बहुधा हाच.

काचेच्या वजनाचा हिशोब सोपा आहे: लांबी आणि रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, तिघांचा गुणाकार करून त्याला अडीचने गुणायचं. ०.७६ × १.७८ × ६ × २.५ म्हणजे साधारण २० किलो. किनार, चाकं आणि टॉवेलचा दांडा धरून २२. एका माणसाला उचलता येतं, पण ओल्या फरशीवर, अरुंद जागेत वळवता येत नाही. दोन माणसं लागतातच.

पल्ले उतरवणं

तयारी अशी होती. निचऱ्याच्या जाळीवर जाड फडकं, त्यावर शॉवरच्या पूर्ण फरशीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर जुनी सतरंजी. बाथरूमपासून पल्ले ठेवायच्या खोलीपर्यंतची वाट रिकामी, पायपुसणी उचललेली, दारं उघडी अडकवून ठेवलेली. पल्ले टेकवायला भिंतीशी दोन लाकडी पट्ट्या. दोघांच्या हातात काचेने न कापले जाणारे हातमोजे, डोळ्यांवर चष्मे, अंगात पूर्ण बाह्या, पायात बंद बूट.

टॉवेलचा दांडा आधी सोडवला. पल्ला उचलताना हात आपोआप त्या दांड्याकडे जातो आणि सगळा भार काचेतल्या दोन भोकांवर येतो. तडा जायचा तर तिथूनच जातो.

खालच्या चॅनलच्या मध्यावरचा प्लास्टिकचा गाइड एका स्क्रूवर होता, तो काढला. मग आतला पल्ला: दोघं शॉवरच्या आत, पल्ला सरळ वर दहा-बारा मिमी उचलायचा, चाकं वरच्या चॅनलच्या ओठावरून सुटली की खालची बाजू आपल्याकडे ओढायची आणि पल्ला खाली घ्यायचा. आतला निघाल्याशिवाय बाहेरच्याला जागा मिळत नाही, म्हणून क्रम उलटा करता येत नाही.

आतला पल्ला सहज आला. बाहेरच्याचं एक चाक क्षाराने चॅनलला धरून बसलं होतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास त्यावर गुंडाळून ठेवल्यावर ते सुटलं. पण फडकं नीट पिळलं नव्हतं. थेंब खाली उंबऱ्याच्या संगमरवरी पट्टीवर पडत राहिले आणि तिथे नाण्याएवढा निस्तेज डाग उठला. तो पुसून जाणारा डाग नव्हता. आम्लाने संगमरवराची झिलई खाल्ली होती. एखादं पसरट भांडं खाली ठेवलं असतं तरी भागलं असतं.

दोन्ही पल्ले उभे धरूनच नेले. काच आडवी धरली की मधे झोळ पडतो आणि कडांवर ताण येतो. टेकवताना लाकडी पट्टीवर टेकवली, उघड्या टाइलवर नाही. टफन्ड काच मधोमध बऱ्यापैकी मार सोसते, पण तिचा कोपरा टाइलवर टक्कन लागला तर सगळा पल्ला एका क्षणात दाण्यांचा ढीग होतो.

टॉवेल काढण्यापासून पल्ले खोलीत पोचेपर्यंत सगळं मिळून दीड तास, त्यातला निम्मा चिकटपट्टी आणि व्हिनेगरचा. घरच्यांना वाटलं, अवघड काम झालं. अवघड काम अजून भिंतीवरच होतं.

उभ्या पट्ट्या आणि स्क्रू

वरचं चॅनल दोन उभ्या पट्ट्यांच्या डोक्यावर नुसतं बसवलेलं असतं. दोन्ही टोकांचं सिलिकॉन कापलं आणि रबरी हातोडीने खालून हलके ठोके दिले की ते उचलून येतं. आलं.

उभ्या पट्ट्या स्क्रूने भिंतीला घट्ट केलेल्या आणि वरून दोन्ही कडांना सिलिकॉन. डाव्या पट्टीला तीन स्क्रू दिसत होते: वर, मध्ये, खाली. उजव्या पट्टीला दोनच: वर आणि खाली.

मदतनिसाने ते बोलून दाखवलं. "दादा, इकडं दोनच आहेत."

"एक पडला असेल कधीतरी. चल, डावीकडून घे."

या दोन वाक्यांकडे नंतर परत यायचं आहे.

डाव्या पट्टीचा वरचा स्क्रू पहिल्याच पिळाला सुटला. मधल्या स्क्रूच्या फुलीत सिलिकॉन आणि क्षार भरलेला होता. तो टोच्याने कोरून साफ केला तेव्हा बिट नीट बसलं. हे न करता जोर लावला की फुली गोल होते आणि मग साधा स्क्रूही अवघड स्क्रू होऊन बसतो. बिट फुलीच्या मापाचंच हवं, बारीक बिट "बसतंय की" म्हणून वापरू नये.

खालचा स्क्रू हलेना. स्टीलचा स्क्रू अल्युमिनियमच्या पट्टीत आणि वर रोज पाणी: दोन वेगळे धातू ओले राहिले की त्यांच्यात अल्युमिनियम झिजतो आणि त्याची पांढरी भुकटी स्क्रूभोवती पाचरीसारखी दाटून बसते. झिरपणारं तेल मारून वीस मिनिटं थांबले, पुन्हा पिळ दिला, फुली गेली.

इथे तीन वाटा होत्या. इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोके देत स्क्रू फिरवणारं हत्यार) लावायचा, पट्टी स्क्रूसकट ओढून काढायची, किंवा स्क्रूचं डोकं ड्रिलने कापायचं. इम्पॅक्टचे ठोके थेट टाइलच्या भोकाच्या कडेवर जातात आणि तडा बहुतेक वेळा भोकापासूनच सुरू होतो, म्हणून ते नको. ओढण्याचंही तेच. डोकं कापायचं ठरलं.

त्याची पद्धत अशी. ड्रिलचा हॅमर मोड बंद. आधी ३ मिमी बिटने डोक्याच्या बरोबर मध्यावर वाट करायची, मग ५ मिमी एचएसएस, म्हणजे धातू कापणारं, बिट. वेग कमी, दाब भरपूर, तेलाचा थेंब. स्टेनलेस स्टीलवर बिट जोरात फिरवत नुसतं घासत राहिलं की ती जागा आणखी कडक होते आणि मग कुठलंच बिट चालत नाही, म्हणून बिटने कीस निघतोय की नुसती चमक येतेय याकडे लक्ष ठेवायचं. दोनेक मिनिटांत डोकं अंगठीसारखं सुटून बिटला अडकलं. पट्टी निघाल्यावर बाहेर राहिलेला स्क्रूचा दांडा ग्रिप पकडीत धरून उलटा फिरवला, गिट्टीसकट, म्हणजे भिंतीतल्या भोकात ठोकलेल्या ज्या गुल्ल्यात स्क्रू धरतो त्याच्यासकट, बाहेर आला.

उजवीकडचा वरचा स्क्रू वेगळ्याच प्रकारे अडला. तो फिरत होता, पण बाहेर येत नव्हता, कारण आतली गिट्टीच सोबत फिरत होती. पट्टीमागे पातळ पत्ती सरकवून पट्टी किंचित पुढे ताणून धरली आणि तशी धरून स्क्रू फिरवला तेव्हा आटे पकडले गेले. उजवीकडचा खालचा सरळ निघाला.

आता सिलिकॉन. दोन्ही कडांचं सिलिकॉन कटरने कापलं, पत्ती टाइलला जवळजवळ चिकटून, अगदी कमी कोनात. पट्टीच्या मागेही सिलिकॉनचा एक जाड थर होता. असा थर गरम हवेने मऊ होईल अशी अनेकांची समजूत असते. होत नाही. सिलिकॉन साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं. त्याआधी टाइलमागचा चिकट थर दगा देतो. मासेमारीची नायलॉन दोरी दोन लाकडी खुंट्यांना बांधून, वरून पट्टीमागे घालून, करवतीसारखी इकडेतिकडे ओढत खाली आणली. डावी पट्टी दहा मिनिटांत हातात आली.

टाइल तडकली

उजव्या पट्टीमागे दोरी वरून सुरळीत उतरली आणि मध्यावर येऊन अडली. दुसऱ्यांदा तिथेच अडली, तिसऱ्यांदा तुटली. सिलिकॉनचा गोळा असेल असं धरून, पट्टी वरून सुटलीच आहे तर पटाशी घालून मध्यावर उचलू, असं ठरलं. पटाशीचा टेकू थेट टाइलवर. दुसऱ्या दाबाला बारीक "टिक" असा आवाज आला.

पट्टीच्या मध्यावर पल्ला आपटू नये म्हणून लावलेला रबरी बंपर होता, करड्या रंगाचा, पट्टीच्या रंगात मिसळून गेलेला. तिसरा स्क्रू त्या बंपरखाली होता. डाव्या पट्टीवरचा बंपर केव्हाच गळून पडला होता, म्हणून तिथला स्क्रू उघडा दिसत होता. पडलेला होता तो बंपर, स्क्रू नाही.

तडा स्क्रूच्या भोकापासून टाइलच्या कडेपर्यंत, सुमारे ८० मिमी, केसासारखा. बंपर नखाने उपटला, स्क्रू अर्ध्या मिनिटात सुटला. तेल लावायचीही गरज पडली नाही.

इथे थांबायच्या दोन संधी होत्या, दोन्ही हुकल्या. पहिली, दोन्ही बाजूंचे स्क्रू मोजल्यावर. एकाच कारखान्यात बनलेल्या दोन सारख्या पट्ट्यांना वेगवेगळे स्क्रू असण्याचं काही कारण नसतं आणि स्क्रू "पडला" असेल तर त्याचं रिकामं भोक तरी दिसायला हवं होतं. ते शोधलं गेलं नाही. दुसरी, दोरी त्याच जागी दुसऱ्यांदा अडली तेव्हा. सिलिकॉन दोरीला जड जातं, पण कापलं जातं. एकाच बिंदूवर ठाम अडतो तो धातू.

खालचं चॅनल

टाइल तडकल्यावर काम तासभर बंद राहिलं आणि ते बरंच झालं. खालचं चॅनल बहुतेक ठिकाणी फक्त सिलिकॉनवर बसवलेलं असतं, तसंच बसवायचंही असतं. पण आता "असतं" वर विसंबायची कुणाची तयारी नव्हती.

मदतनिसाने चुंबक फिरवून बघितलं, काही लागलं नाही. पण बाथरूममध्ये वापरतात त्या स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच स्क्रूंना चुंबक धरतच नाही, त्यामुळे त्याने काही न सापडण्याला अर्थ नव्हता. शेवटी चॅनलच्या आतल्या खाचेत साचलेली बुरशी आणि सिलिकॉन टोच्याने इंच इंच खरवडलं. तीन स्क्रू निघाले, उंबऱ्यात उभे मारलेले, वरून सिलिकॉनने लिंपलेले.

तिन्हींची डोकी ड्रिलने उडवली. चॅनल तरीही सिलिकॉनवर घट्ट होतं आणि संगमरवराची सलग पट्टी पटाशीला टाइलपेक्षाही लवकर बळी पडली असती. म्हणून हॅकसॉने चॅनल मधोमध आडवं कापलं, तळाशी मिलिमीटरभर धातू शिल्लक ठेवून, म्हणजे पातं दगडाला लागणार नाही. उरलेला धातू वाकवून मोडला. मग कापलेल्या टोकापासून अर्ध चॅनल वर उचलत, खाली रुंद पत्ती सरकवत, पापुद्रा सोलल्यासारखं दोन्ही बाजूंना सोलत नेलं. पत्तीखाली पातळ लाकडी चकती, टेकू कुठेही थेट दगडावर नाही. पाऊण तास लागला. दगडाला ओरखडाही नाही.

उंबऱ्याखाली काय निघालं

तीन स्क्रूंच्या भोकांभोवती संगमरवर काळपट आणि ओला होता. उजवीकडचं भोक सगळ्यात वाईट. त्यात कागदाची सुरळी घातली तर ती भिजून बाहेर आली, शॉवर आदल्या दिवसापासून बंद असताना. भिंतीच्या तळाशी येणारे रंगाचे फुगे याच भोकाच्या सरळ रेषेत, हातभर अंतरावर होते.

कारण उघड होतं. उंबऱ्याच्या आत, दगडाखाली, वॉटरप्रूफिंगचा थर असतो. चॅनल बसवणाऱ्याने त्यातून तीन स्क्रू आरपार मारले. त्यात संगमरवरी पट्टी पूर्ण सपाट बसवलेली. पाणसळ ठेवली तर बुडबुडा बरोबर मध्यावर. त्यामुळे चॅनलमध्ये आलेलं पाणी आत परत वाहायचं नाही, साचून राहायचं आणि स्क्रूच्या आट्यांवरून सावकाश खाली उतरायचं. वरचं सिलिकॉन पाणी रोखण्यापेक्षा स्क्रू लपवण्याच्याच कामाचं होतं.

निर्णय घरच्यांना घ्यायचा होता आणि तो सोपा नव्हता. भोकं सिलिकॉनने बुजवली असती तर काम त्याच संध्याकाळी संपलं असतं. दुसरा मार्ग म्हणजे दगड उचलून खालचा थर दुरुस्त करायचा, जवळजवळ आठवडाभर शॉवर बंद.

मधला मार्ग म्हणून आधी ओल किती आहे ते बघायचं ठरलं. उंबऱ्यावर प्लास्टिकचा कागद पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि चोवीस तास सोडून दिल्या. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं, उजव्या अर्ध्यात जास्त. चार दिवसांनी पुन्हा तेच केलं, दव थोडं कमी, पण होतंच. आतलं भरण ओलं असताना वरून भोकं बुजवणं म्हणजे ओल आत कोंडणं. दगड उचलायचं ठरलं.

गवंड्याने पट्टी अख्खी काढली. वॉटरप्रूफिंगमध्ये तीन भोकं, उजव्या भोकाभोवती थर सुटलेला. सुटलेला भाग काढून, भरण वाळू देऊन, सिमेंटवर चालणाऱ्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, कोपऱ्यांत आणि जोडावर जाळीची पट्टी दाबून. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. वाळल्यावर निचऱ्याचं तोंड बंद करून शॉवरच्या फरशीवर ५० मिमी पाणी भरलं, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारली आणि चोवीस तास ठेवलं. पातळी हलली नाही, बाहेरची बाजू कोरडी.

संगमरवरी पट्टी तीच परत बसवली, फक्त टोकांची अदलाबदल करून: व्हिनेगरचा डाग आता पलीकडच्या टोकाला, शॅम्पूच्या कोनाड्याखाली जातो. आणि या वेळी आतल्या बाजूला उतार दिला. पट्टी १२० मिमी रुंद, शंभराला दोन या हिशोबाने अडीच मिमीच्या आसपास. डोळ्याला जाणवतही नाही, पण पाणी आत वळायला तेवढा पुरतो.

भोकं, सिलिकॉन आणि तडा

भिंतीत राहिलेल्या गिट्ट्या काढायला प्रत्येकीत एक स्क्रू अर्ध्यापर्यंत फिरवून पकडीने सरळ ओढला. भोकात आधी सिलिकॉन, तोंडाशी तीन मिमी जागा सोडून, आणि ते बसल्यावर वर टाइलच्या रंगाचा इपॉक्सी ग्राउट (टाइलच्या फटी भरायचा लगदा). पांढऱ्या सिमेंटने बुजवायची सवय सर्रास आहे, पण ते आकसतं, पाणी पितं आणि सहा महिन्यांत भोकाभोवती पिवळं वर्तुळ दिसायला लागतं.

तडकलेली टाइल बोटाच्या पेराने वाजवून बघितली. आवाज भरीव होता, म्हणजे ती मागून सुटलेली नव्हती. जोडीची टाइल घरात शिल्लक नव्हती. तडा अल्कोहोलने पुसून, वाळवून, त्यात पातळ इपॉक्सी जिरवलं. जवळून बघितलं तर दिसतो.

सिलिकॉनचे अवशेष काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि तिथेच लोक कंटाळतात. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. पातळसा पापुद्रा राहिला तरी नवी कड काही महिन्यांत सुटते. पत्तीने खरवडून, नायलॉनच्या घासणीने कोरडं घासून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. साफ झालंय का ते पाणी सांगतं: स्वच्छ झिलईवर पाणी पसरतं, सिलिकॉन उरलं असेल तिथे त्याचे मणी होतात. तीन फेऱ्या लागल्या.

उंबऱ्याच्या जोडात नवं सिलिकॉन भरताना न्यूट्रल प्रकारचं घेतलं. ज्याला लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, ते बसताना आम्ल सोडतं आणि संगमरवराला नको. एकदा त्या दगडाने आम्ल चाखलेलं होतंच.

आता कसं आहे

एका दिवसाचा अंदाज दोन आठवड्यांवर गेला. त्यातली प्रत्यक्ष काढणी दीड दिवसाची, बाकी सगळं वाळण्यात आणि उंबऱ्यात गेलं. वाट आता पूर्ण १४८० मिमी. आजी आणि सोबतचं माणूस शेजारी शेजारी आत जातात. पडद्याचा दांडा भिंतीला स्क्रूने पक्का केला आहे, स्प्रिंगचा घेतला नाही, कारण तोल जाताना हात जे मिळेल ते धरतो. अर्थात पक्का दांडाही आधारासाठी नसतो. धरायची कडी वेगळी, विटांच्या भिंतीत खोल बसवली. पडदा उंबऱ्याच्या आत पडतो आणि त्याच्या खालच्या घडीत वजन आहे.

पट्ट्यांच्या जागी भिंतीवर दोन फिकट उभे पट्टे राहिले आहेत. पंधरा वर्षं झाकलेल्या टाइलचा मूळ रंग तो. घासून जाणार नाही.

काचेचं टेबल करायची घरच्यांची कल्पना होती. शिक्क्याचा पल्ला टफन्ड असल्यामुळे तो कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, आहे त्याच मापात वापरायचा. बिनशिक्क्याचा चिकटपट्टीसकट पुठ्ठ्यात गुंडाळून, वर "काच" लिहून टाकून दिला. काचेच्या बाटल्यांच्या कचऱ्यात सपाट काच घालू नये, दोन्हींची घडण वेगळी असते. अल्युमिनियम सिलिकॉन खरवडून वेगळा भंगारात गेला.

कुठे वेगळं करता आलं असतं

हत्यार हातात घेण्याआधी दोन्ही उभ्या पट्ट्यांवरच्या सगळ्या वस्तू काढायला हव्या होत्या: बंपर, टोप्या, स्टिकर, सिलिकॉनचे गोळे. पाच मिनिटांचं काम. आणि स्क्रूंची संख्या दोन्हीकडे जुळेपर्यंत पटाशी पिशवीतच ठेवायला हवी होती. पटाशीखाली लाकडाचा तुकडा असता तर टाइल वाचली असती का, हे सांगता येत नाही. जोर स्क्रूच्या भोकावरच येत होता, त्यामुळे कदाचित नाही.

भिंतीवरच्या फुग्यांची गोष्ट घरच्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती. ती ऐकून उंबऱ्याची शंका तेव्हाच यायला हवी होती. चॅनलच्या खाचेत टोच्या घालून बघायला दहा मिनिटं लागतात आणि दार बसलेलं असतानाही हे करता येतं. तसं केलं असतं तर गवंडी आधीच सांगून ठेवता आला असता आणि प्लास्टिकच्या कागदाचे ते पाच दिवस वाचले असते. दुसरी कागदी चाचणी तशीही फारसं नवं काही सांगून गेली नाही. भिजलेली सुरळी बाहेर आली तिथेच उत्तर मिळालं होतं.

पल्ले आणि चौकट एकाच दिवशी काढायचा हट्टही टाळता आला असता. टाइल तडकली ती दुपारी चारच्या सुमारास, सकाळपासूनच्या कामानंतर, "तेवढी एक पट्टी राहिली" या घाईत.

बाहेरच्या भिंतीचा रंग मात्र मुद्दाम अजून दिलेला नाही. प्लास्टर खरवडून उघडं ठेवलं आहे आणि ओलाव्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ आखली आहे. रेघेच्या आतला काळपटपणा आक्रसत चालला आहे. तो पूर्ण जाईपर्यंत ब्रश तिथे लागणार नाही.